दोन सशांतला फरक: ‘वॉरक्राफ्ट’मधल्या लढाऊ पेट्सची पार्श्वभूमी

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात पेट-लढायांकडे, म्हणजे पाळलेल्या छोट्या प्राण्यांच्या झुंजींकडे, नव्यानं वळलेला प्रत्येक जण आधी हेच विचारतो: कुठला पेट पकडू? त्याला चांगल्या पेट्सची यादी दिली की तो खूश होऊन जातो आणि आठवड्याभरात परत येतो. यादीतलाच पेट पकडला, तरी हरलो म्हणतो. खेळातल्या एल्विन फॉरेस्ट या रानाच्या गवतात दोन ससे शेजारी चरत असतात. रंग तोच, नाव तेच, लेव्हलही तीच. तरी त्यातला एक पकडण्यासारखा असतो आणि दुसरा नसतो. हे असं का, ते समजायला बरंच मागं जावं लागतं, कारण या खेळात पेट आधी आले आणि त्यांच्या लढाया आठ वर्षांनी आल्या.

खेळ अमेरिकेत 23 नोव्हेंबर 2004 रोजी बाजारात आला. सोबत जी महागडी संग्राहक आवृत्ती होती, तिच्यात तीन पेट्सपैकी एक निवडायला मिळायचा: छोटा डियाब्लो, पांडाचं पिल्लू किंवा झर्गलिंग. तिन्ही ब्लिझार्ड कंपनीच्या इतर खेळांची आठवण करून देणारे. ते काहीच करत नसत. मागं मागं चालायचे, बस्स. एल्विनमध्ये मांजरं विकणारी एक बाई होती, वेटलँड्समध्ये क्वचित कधी लाल ड्रॅगनचं पिल्लू हाती लागायचं, इंजिनिअरिंग शिकलेले लोक यांत्रिक खारी बनवून विकायचे. स्ट्रँगलथॉर्नच्या चाच्यांकडून मिळणारा निळा मकाव पोपट तर इतका दुर्मीळ होता की कुणाच्या खांद्यामागं तो दिसला, तर माणसं थांबून बघायची. या पोपटाचा उपयोग शून्य. पण त्यासाठी लोकांनी किती रात्री घालवल्या असतील याची मला चांगली कल्पना आहे.

इथं एक घोटाळा दूर करायला हवा. त्या काळात ‘पेट’ म्हटलं की निम्म्या लोकांना शिकाऱ्यांचे, म्हणजे हंटर वर्गाचे, लढणारे प्राणी आठवायचे. ती वेगळी जमात. सप्टेंबर 2005 मध्ये झुल’गुरुब या रेडमधला (रेड म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून लढायची मोहीम) दूषित रक्ताचा रोग शहरांत पसरला आणि सर्व्हरच्या सर्व्हर ओस पडले, त्याला हेच हंटरांचे प्राणी कारणीभूत होते. मालकानं त्यांना आजारी अवस्थेत परत पाठवलं आणि शहरात पुन्हा बोलावलं, की रोगही सोबत यायचा.

पण बलवान प्राणी निवडायची सवय या खेळात लागली, ती याच हंटरांमुळे. बॅडलँड्समध्ये ‘ब्रोकन टूथ’ नावाची एक दुर्मीळ मांजर होती. दिसायला आसपासच्या मांजरांसारखीच, पण ती दर 1.0 सेकंदाला हल्ला करायची. बाकीचे प्राणी याहून संथ. समोर मंत्र म्हणणारा जादूगार असेल तर एवढ्या झपाट्यानं पडणारे पंजे त्याला मंत्र पुरा करू देत नसत. रानात नुसतं बघून हा आकडा कळत नसे. कुणीतरी तो मोजला, दुसऱ्यांना सांगितला, आणि बॅडलँड्समध्ये लोक तळ ठोकून बसू लागले. पुढे कंपनीनं सगळ्या प्राण्यांचा वेग सारखा करून टाकला. पण प्राण्याचं बळ त्याच्या रूपात नसतं, मोजून काढावं लागतं, हा धडा लोकांनी तिथंच गिरवला.

शोभेच्या पेट्सचं मात्र वेगळंच चाललं होतं. सुरुवातीला प्रत्येक पेट ही पिशवीतली एक वस्तू असायची. वीस पेट जमवले की वीस कप्पे अडले. ऑक्टोबर 2008 च्या 3.0.2 अपडेटमध्ये पेट ‘शिकून’ यादीत जाऊ लागले, पिशव्या मोकळ्या झाल्या आणि संग्रहाला खरा जोर चढला. 75 वेगवेगळे पेट जमवणाऱ्याला हरणाचं पाडस बक्षीस मिळायचं. डालारान शहरातल्या पेट्सच्या दुकानात ब्रीआनी नावाची दुकानदारीण उभी केली गेली. पेट-संग्राहकांची सगळ्यात मोठी सूची चालवणाऱ्या खेळाडूचं हे टोपणनाव. खेळ बनवणाऱ्यांनी संग्राहकांना दिलेला याहून छान मान मला आठवत नाही.

नोव्हेंबर 2009 मध्ये पेट थेट पैशांना विकायला आले, 10 डॉलरला एक. यावर बरीच चिडचिड झाली. पण त्यातल्या पांडारेन मंकच्या विक्रीतला अर्धा वाटा वर्षाअखेरपर्यंत मेक-अ-विश या गंभीर आजारी मुलांसाठीच्या संस्थेला जायचा होता आणि त्यातून 11 लाख डॉलर जमले. 2012 मध्ये सँडी वादळानंतर सिंडर किटन हे आगीचं मांजर विकून रेड क्रॉसला 23 लाखांहून जास्त गेले. पैसे घेऊन पेट विकणं बरोबर की चूक हा वाद मी इथं घालत नाही. मात्र लोकांचा या निरुपयोगी पिल्लांवर किती जीव होता, ते या आकड्यांतून दिसतं.

ऑक्टोबर 2011 च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे ब्लिझार्डच्या मेळाव्यात, ‘मिस्ट्स ऑफ पांडारिया’ या खेळाच्या नव्या विस्ताराची घोषणा झाली आणि तीत पेट-लढाया होत्या. ऐकणाऱ्यांच्या मनात आधी काय आलं असेल ते सांगायला नको. 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानमध्ये गेम बॉयवर ‘पोकेमॉन’चे पहिले दोन खेळ आले. ते घडवणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे आणि 151 प्राणी गोळा करण्याची कल्पना त्या छंदातून निघाली. आपल्याकडं कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन पाहिलेल्या आणि चिप्सच्या पुड्यांतले टाझो जमवलेल्या पिढीला पाण्यापुढं आग का हरते हे समजावून सांगावं लागत नाही. पोकेमॉनमध्येही प्रत्येक प्राण्याच्या पोटात न दाखवलेले आकडे असायचे. वॉरक्राफ्टनं हेही उचललं आणि माझ्या मते तेच उचलणं सर्वात महत्त्वाचं ठरलं.

25 सप्टेंबर 2012 ला लढाया सुरू झाल्या. त्याआधी महिनाभर, 5.0.4 अपडेटमध्ये, एका खात्यावरच्या सगळ्या पात्रांचे पेट एकत्र केले गेले. नियम थोडक्यात असे. एका टीममध्ये तीन पेट. कमाल लेव्हल 25. प्रत्येकाकडं सहा चाली, त्यातल्या तीनच एका लढाईत नेता येतात. कुळं दहा: उडते, जलचर, यांत्रिक, जादुई, मृतवत, ड्रॅगनवंशी, माणसासारखे, पंचमहाभूतांचे, हिंस्र पशू आणि क्रिटर, म्हणजे ससे-उंदरांसारखे किरकोळ जीव. योग्य कुळाचा हल्ला दीडपट लागतो, चुकीच्या कुळाचा तिसऱ्या हिश्शानं कमी. शिवाय प्रत्येक कुळाला स्वतःचा एक गुण. यांत्रिक पेट मेल्यावर एकदा 20 टक्के जीव घेऊन उठतो. जादुई पेटला एका फटक्यात 35 टक्क्यांपेक्षा जास्त इजा करता येत नाही. उडत्याचा निम्म्याहून जास्त जीव शाबूत असेपर्यंत त्याचा वेग दीडपट.

पहिल्या आठवड्यांत सगळे रंगाच्या मागं लागले. राखाडी, पांढरा, हिरवा, निळा अशी प्रतवारी आणि निळा सर्वोत्तम. राखाडीपेक्षा निळा 30 टक्क्यांनी सरस असतो. रानातल्या पेटचा जीव 35 टक्क्यांखाली आला की ट्रॅप टाकायचा. पण एवढी मेहनत करून पकडलेला निघायचा पांढरा. मग तो सोडून पुढचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या 5.1 अपडेटनं बॅटल-स्टोन आणले, ज्यांनी कुठलाही पेट निळा करता येतो. ही सोय फार माणुसकीची होती. पहिल्या दिवशी पकडलेलं राखाडी पिल्लू फेकायची गरज उरली नाही.

तरी प्रश्न राहिलाच: दोन्ही ससे निळे, दोन्ही 25 लेव्हलचे, तरी वेगळे का? लोक आकडे लिहून काढू लागले. शेकडो पेट्सचे जीव, ताकद, वेग तक्त्यात मांडले आणि त्यामागचं गणित उलगडलं. प्रत्येक जातीला मूळ गुण ठरलेले, वर प्रत्येक पेटला जन्मतः मिळालेली थोडी भर. ही भर कुठं पडते त्याला खेळाडू ‘ब्रीड’ म्हणतात. हा शब्द खेळाच्या पडद्यावर आजही दिसत नाही. तो बघायला वेगळं अ‍ॅडऑन, म्हणजे खेळाला जोडायचा छोटा प्रोग्राम, लावावं लागतं.

उदाहरणच घ्या. एका जातीचे तिन्ही मूळ गुण 8-8-8 आहेत. सगळी भर ताकदीवर पडली तर 25 लेव्हलच्या निळ्या पेटचा जीव 1400, ताकद 325, वेग 260. भर वेगावर पडली तर ताकद 260 आणि वेग 325. जीवावर पडली तर 1725, बाकी दोन्ही 260. भर समान वाटली गेली तर 1481, 276, 276. यातलं चांगलं कुठलं? पहिली चाल कुणाची हे वेगावर ठरतं. सशाकडं ‘डॉज’ आणि ‘बरो’ आहेत, म्हणजे वार चुकवणं आणि जमिनीत शिरणं. हे दोन्ही समोरच्याच्या आधी जमलं तरच कामाचं. म्हणून सशाला वेग हवा. ‘अनुबिसाथ आयडॉल’ या पेटला मात्र वेग नसला तरी चालतं, तो वाळूचं वादळ उठवून मार खात उभा राहतो. एल्विनमधल्या दोन सशांतला फरक तो हाच, आणि म्हणूनच नुसत्या नावांच्या यादीनं नवख्याचं भागत नाही.

ब्रीडचं वेड काही काळ फार वाढलं होतं. मीही त्यात होतो. एकेका जातीसाठी तासन्‌तास फिरायचं, योग्य ब्रीड निघेपर्यंत पकडायचं आणि सोडायचं. आता वाटतं, रानातल्या लढायांपुरता त्याचा उपयोग आम्ही मानला त्याहून कमी होता. तिथं जास्त महत्त्वाची ठरली चालींची जोडी. ‘ब्लॅक क्लॉ’ लावला की त्या शत्रूला पुढच्या प्रत्येक फटक्याला ठरावीक जादा इजा होते. मग लागोपाठ फटके मारणारी ‘हंटिंग पार्टी’ सोडा, की प्रत्येक लहान फटका मोठा होतो. आयल ऑफ जायंट्स या बेटावर मिळणारे झांडलारी रॅप्टर हे पेट याच जोडीवर नावाजले. गिल्नियन रेव्हन हा कावळ्यासारखा पेट आधी अंधार पसरतो आणि आंधळ्या शत्रूवर ‘नॉक्टर्नल स्ट्राइक’ मारतो, जो तेव्हा चुकत नाही. क्रोमिनियस या पेटची ‘हाउल’ आणि त्यामागून ‘सर्ज ऑफ पॉवर’ ही जोडी तर पाहताना अंगावर काटा यायचा.

क्रोमिनियस आणि अनुबिसाथ आयडॉल आले तेही 5.1 मध्येच. त्या अपडेटनं मोल्टन कोअर, ब्लॅकविंग लेअर, आनकिराज आणि नॅक्सरामास या जुन्या रेड्समध्ये पेट ठेवले. कधीकाळी चाळीस जणांनी मिळून जिंकलेल्या आणि नंतर ओसाड पडलेल्या त्या जागांत लोक पुन्हा दर आठवड्याला जाऊ लागले. सगळे पेट जमवणाऱ्याला मिळायचा मिस्टर बिगल्सवर्थ, म्हणजे नॅक्सरामासचा मालक केल’थुझाड याचं मांजर. जुन्या दिवसांत खेळाडू हे मांजर गंमत म्हणून मारायचे आणि केल’थुझाड दुरून शाप द्यायचा. ते मांजर आता मागं मागं येऊ लागलं. या अपडेटबद्दल मला अजूनही मनापासून प्रेम आहे.

दुसऱ्या खेळाडूंशी होणाऱ्या लढायांत कंपनीनं एक सौम्य निर्णय घेतला होता, त्याचीही नोंद व्हायला हवी. समोरच्याचं नाव दिसत नाही आणि पराभवांची मोजदाद होत नाही. हरलात तर ते फक्त तुम्हाला ठाऊक.

भारतातून खेळणाऱ्यांना पेट-लढायांनी आणखी एक गोष्ट दिली. वॉरक्राफ्टचा सर्व्हर भारतात नाही. पुण्या-मुंबईतून खेळायचं म्हणजे दूरच्या सर्व्हरवर. रेडमध्ये पायाखाली आग दिसेपर्यंत ती आपल्याला लागून गेलेली असायची. पेट-लढाई पाळीपाळीनं चालते. चाल अर्ध्या सेकंदानं पोचली तरी काही बिघडत नाही. संथ इंटरनेटवर बसलेला माणूस तिथं कुणाहीपेक्षा कमी नव्हता. माझ्यासाठी हा खेळातला खेळ मोठा झाला तो आधी या कारणानं, बाकीचं प्रेम मागून आलं.

‘बलवान’ या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा बदलला तो सप्टेंबर 2013 च्या 5.4 अपडेटमध्ये, टाइमलेस आयलवरच्या सेलेस्टियल टूर्नामेंटनं. आत शिरायला 25 लेव्हलचे 15 पेट हवेत आणि आत गेल्यावर पेट बरे करता येत नाहीत. तीन आवडत्या पेट्सवर जगलेल्यांची तिथं फजिती झाली. जिंकणाऱ्याला शू-फू, चि-चि, यु’ला आणि झाओ या चार दैवी पिल्लांपैकी एकेक मिळवता यायचं. मग 2017 मध्ये वेलिंग कॅव्हर्न्स या जुन्या गुहेत पेट्सची स्वतंत्र मोहीम आली आणि ‘लिजन’ या विस्ताराच्या काळात एकाच कुळाच्या तीन पेट्सनी, तेही दहाही कुळांनी आळीपाळीनं, ठरलेल्या प्रशिक्षकांना हरवायचं आव्हान आलं. ज्यांनी फक्त यांत्रिक आणि जादुई पेट वाढवले होते ते क्रिटर शोधायला परत एल्विनमध्ये आले.

मीही आलो. माझ्या यादीच्या तळाशी 2012 च्या पहिल्या आठवड्यात पकडलेला राखाडी ससा होता, लेव्हल 3 वर अडकलेला, कधी सोडून द्यावासा न वाटलेला. अ‍ॅडऑन लावून पाहिलं तर त्याची सगळी भर वेगावर होती. त्याच्यावर बॅटल-स्टोन वापरला.