मूळ संच की नवा संच? पॉपच्या जुन्या खोडांचे दोन कार्यक्रम

यूट्यूबवर ऐंशीच्या दशकातली इंग्रजी पॉप गाणी ऐकत बसलं की कधी ना कधी एखादी क्लिप समोर येते: केस विरळ, पोट सुटलेलं, गाणं मात्र तेच. अशा बऱ्याच क्लिपा दोन कार्यक्रमांतल्या असतात आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. एक 'बँड्स रीयुनायटेड', व्हीएच1 वाहिनीवर 2004 साली आलेला. दुसरा 'हिट मी, बेबी, वन मोअर टाइम', 2005 साली आधी ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर आणि मग अमेरिकेत एनबीसीवर. या दुसऱ्याचा सूत्रसंचालक दोन्ही देशांत व्हर्नन के हाच होता.

गल्लत होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लिव्हरपूलचा 'अ फ्लॉक ऑफ सीगल्स' हा बँड. 1982 च्या 'आय रॅन'मुळे आणि गायक माइक स्कोरच्या पंख पसरल्यासारख्या केशरचनेमुळे गाजलेला. (स्कोर मुळात केशकर्तनकार, त्यामुळे केसांचं नवल नको.) हा बँड दोन्ही कार्यक्रमांत दिसतो. पण व्हीएच1 वर माइक, त्याचा ड्रमर भाऊ अली, फ्रँक मॉडस्ली आणि पॉल रेनॉल्ड्स असे मूळ चौघे होते. एनबीसीवर नाव तेच, गायक तोच, बाकीचे वेगळे. आपल्याकडे जुनं नाटक नव्या संचात येतं, तसं.

'हिट मी'ला संचाशी देणंघेणंच नव्हतं. तिथे हवं होतं गाणं. एका भागात पाच कलाकार. प्रत्येकाने आपलं गाजलेलं गाणं म्हणायचं आणि मग अलीकडच्या कुणाचं तरी एक. मग मतदान. खरी मजा त्या दुसऱ्या गाण्यात. एनबीसीच्या पहिल्याच भागात 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' हा हिप-हॉप गट 'लॉस लोनली बॉइज'चं 'हेवन' गाऊन जिंकला. अमेरिकेत विजेत्याच्या पसंतीच्या संस्थेला 20,000 डॉलरची देणगी मिळे. ब्रिटनमध्ये शेवटी शेकिन स्टीव्हन्स जिंकला. 1981 मध्ये त्याचं 'धिस ओल' हाउस' तिथे विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. स्पर्धेत त्याने पिंक या गायिकेचं 'ट्रबल' म्हटलं, आणि ही दोन्ही गाणी घेऊन काढलेली सिंगल 20 व्या क्रमांकापर्यंत गेली. इतक्या वर्षांनी हेही काही कमी नाही.

'बँड्स रीयुनायटेड'मध्ये ना स्पर्धा, ना मतदान. सूत्रसंचालक आमेर हलीम कॅमेरा घेऊन एकेका जुन्या सदस्याला अचानक गाठायचा, त्याला एकाच कार्यक्रमापुरतं परत येण्याची गळ घालायचा, आणि तो तयार झाला की बँडच्या एलपी रेकॉर्डवर त्याची सही घ्यायचा. गाणं आलं तर अगदी शेवटी. त्याआधीचा जवळजवळ सगळा वेळ जुन्या भांडणांत जायचा: कुणी कुणाला काढलं, पैसे कुणी खाल्ले, फोन कुणी उचलला नाही. 'काजागूगू'ने आपला गायक लिमाहल याला 1983 मध्ये, म्हणजे त्यांचं 'टू शाय' पहिल्या क्रमांकावर गेलं त्याच वर्षी, काढून टाकलं होतं. तो आणि बाकीचे या कार्यक्रमात पुन्हा एकत्र वाजवताना दिसतात, तेव्हा सूर किती लागला याकडे लक्षच जात नाही.

आणि हा कार्यक्रम फसायचाही. 'फ्रँकी गोज टू हॉलिवुड'चे पाचही जण समोरासमोर आले, पण एकत्र वाजवणं काही झालं नाही. 'स्क्वीझ'चंही जमलं नाही. तरी ते भाग दाखवले गेले, आणि माझ्या मते तेच सगळ्यात चांगले आहेत. ठरलेल्या वेळी ठरलेलं गाणं होणारच, ही 'हिट मी'मधली खात्री इथे नाही.

तेव्हा क्लिप सापडली की आधी गाणं कुणाचं चाललंय ते पाहा. ऐंशीच्या दशकातला गायक 2004 च्या आसपासचं दुसऱ्याचं गाणं म्हणत असेल तर ती स्पर्धा. गाणं त्याचंच असेल, तर मागे ड्रमवर कोण बसलंय ते बघा.