नाव तेच, मालक नवा

क्रोमच्या वेब स्टोअरवर ‘अ‍ॅड ब्लॉकर’ शोधा, एकसारख्या नावांची रांगच लागते. आपला गोंधळ उडतो, ब्राउझरचा उडत नाही. तो एक्स्टेन्शनला, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रामला, नावाने ओळखतच नाही. ओळखतो 32 अक्षरांच्या आयडीने.

हा आयडी कोणी बसून ठरवत नाही. प्रत्येक एक्स्टेन्शनला किल्ल्यांची जोडी असते, एक गुप्त आणि एक जाहीर. जाहीर किल्ली ‘शा-256’ नावाच्या गणिती चरकात घालायची, निघालेल्या रसातले पहिले 128 बिट (म्हणजे 0 किंवा 1) घ्यायचे आणि दर 4 बिटांना एक अक्षर द्यायचं. गंमत म्हणजे त्यात ‘ए’ ते ‘पी’ एवढीच 16 अक्षरं येतात. एरवी संगणकवाले अशा ठिकाणी 0 ते 9 आणि ‘ए’ ते ‘एफ’ वापरतात. पण हा आयडी ब्राउझरच्या आत पत्ता म्हणूनही चालतो, आणि चुकून नुसत्या अंकांचा आयडी निघाला तर काही सॉफ्टवेअर त्याला आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरच्या संगणकाचा आकडी पत्ता) समजून बसतात. म्हणून अंकांना मुळातच प्रवेश नाही.

एक्स्टेन्शनची फाइल म्हणजे झिप फाइलच, फक्त सुरुवातीला गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही जोडलेली. आयडी आणि सही जुळली की अपडेट आपोआप, न विचारता उतरतं. सोय मोठी, पण खोटही इथेच आहे. एक्स्टेन्शन विकलं तरी आयडी बदलत नाही.

‘द ग्रेट सस्पेंडर’चं तेच झालं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं हे एक्स्टेन्शन 20 लाखांहून जास्त लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते अनोळखी खरेदीदाराला विकलं. नाव तेच, आयडी तोच. लोकांना पत्ताही लागला नाही. पुढे स्टोअरवर आलेली आवृत्ती गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या जाहीर कोडशी जुळेना, तेव्हा जाणकारांनी बोंब मारली. फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, ठरवून सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये बंद केलं.

त्याबरोबर झोपवलेले टॅबही गेले. मग लोक ब्राउझरच्या हिस्टरीत ‘केएलबीआय’ने सुरू होणारा तो 32 अक्षरी आयडी शोधू लागले. झोपलेल्या प्रत्येक टॅबच्या पत्त्यात आधी हा आयडी असायचा, आणि शेपटाला मूळ पानाचा पत्ता. तेवढा कापून घेतला की पान परत उघडायचं.