पेशीच्या पृष्ठभागावरची ओळख

गवळाऊ जातीच्या वासराच्या मानेच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरवून त्याला गिम्सा रंग दिला, की लसिकापेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, लगेच नजरेत भरतात: जवळजवळ सगळी पेशी व्यापणारे गोल, जांभळे केंद्रक आणि भोवती निळसर पेशीद्रवाची बारीक कड. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थीही त्या मोजू शकतो. मात्र त्यांतली प्रतिपिंडे (ठरावीक रेणूला चिकटणारी संरक्षक प्रथिने) बनवणारी बी पेशी कोणती आणि विषाणूग्रस्त पेशीला मारणारी टी पेशी कोणती, हे केवळ रंगावरून अनुभवी डोळ्यांनाही सांगता येत नाही.

हा भेद दिसतो तो पेशीच्या आवरणावरील प्रथिनांत. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत शोधली. अशा प्रतिपिंडांना चमकणारे रंग जोडून फ्लो सायटोमीटर या यंत्रात पेशी एकेक करून लेझरसमोरून नेल्या, की कोणत्या पेशीवर कोणते प्रथिन आहे हे कळते. या प्रथिनांना ओळखीसाठी ‘सीडी’ या अक्षरांसह क्रमांक देण्याची पद्धत १९८२ पासूनची. सीडी-३ सर्वसाधारणपणे टी पेशींवर असते. त्यांतल्या सीडी-४ असलेल्या बहुतेक पेशी इतरांना मदत करतात, तर सीडी-८ असलेल्या अनेक पेशी मारेकरी असतात.

खरी कसोटी प्राण्यांच्या बाबतीत लागते, आणि माझ्या मते या विषयाचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. माणसाच्या प्रथिनासाठी बनवलेले प्रतिपिंड गाईच्या त्याच नावाच्या प्रथिनाला चिकटेलच असे नाही, कारण उत्क्रांतीत त्याची घडण बदललेली असते. म्हणून प्रत्येक प्रतिपिंड त्या त्या प्राण्याच्या पेशींवर आधी तपासून घ्यावेच लागते. प्रतिपिंड नीट चिकटले, तरी त्याचा अर्थ तोच राहील याची खात्री नसते. कुत्र्याच्या रक्तातील न्यूट्रोफिल या वेगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरही सीडी-४ असते, त्यामुळे केवळ त्या एका खुणेवरून मदतनीस टी पेशी मोजणाऱ्याचा आकडा भलताच फुगेल. डुकराच्या रक्तात सीडी-४ आणि सीडी-८ या दोन्ही खुणा एकत्र वागवणाऱ्या टी पेशी पुष्कळ आढळतात. लहान वासरांत तर गॅमा-डेल्टा या वेगळ्या गटातल्या टी पेशींचे प्रमाण बरेच मोठे असते आणि त्यांतल्या अनेकींवर डब्ल्यूसी-१ हे प्रथिन असते. वासराच्या रक्तात फक्त सीडी-४ आणि सीडी-८ शोधणाऱ्याच्या मोजणीतून, त्या दोन्ही खुणा बहुधा नसलेल्या या पेशींचा मोठा हिस्सा निसटतो. म्हणून तपासणीच्या नळीत डब्ल्यूसी-१ चे प्रतिपिंडही घालावे लागते.