फोक्सवॅगनच्या विक्रीतील प्रादेशिक स्थित्यंतरे

मोटार कंपनीच्या जगभरातील विक्रीपैकी किती गाड्या कोणत्या प्रदेशात खपल्या, हे प्रादेशिक वाट्यावरून कळते. बाजारहिस्सा ही वेगळी बाब; एखाद्या देशात खपलेल्या सगळ्या गाड्यांत कंपनीच्या किती, हे त्यात मोजतात. वाटा कसा सरकतो, हे जर्मनीच्या फोक्सवॅगनइतके ठळकपणे क्वचितच कुठे दिसते.

१९४९ मध्ये अमेरिकेत कंपनीच्या बीटल नावाच्या छोट्या गाडीचे जेमतेम दोन नग विकले गेले. १९७० मध्ये कंपनीची तिथली एकूण विक्री साडेपाच लाखांच्या पुढे होती. बीटलचे इंजिन मागच्या बाजूला बसवलेले, हवेने थंड होणारे असल्याने रेडिएटरचे पाणी गोठण्याची चिंता नव्हती. पुढे मार्क हे जर्मन चलन महागले, जपानी गाड्या आल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. पेनसिल्व्हेनियात १९७८ मध्ये सुरू केलेला कारखाना दहा वर्षांत बंद करावा लागला.

खरी उलथापालथ चीनमध्ये झाली. शांघायमधील भागीदारीचा करार १९८४ चा. तिथली सान्ताना ही गाडी टॅक्सी म्हणून इतकी रुळली, की मुंबईकराला आपली काळी-पिवळी पद्मिनीच आठवावी. मालक बहुधा मागे बसणारा, म्हणून १९९५ च्या सान्ताना २००० मध्ये चाकांमधले अंतर वाढवून मागच्या सीटवर पाय पसरायला जागा केली. गिऱ्हाईक ओळखणे म्हणतात ते हेच.

२०१९ मध्ये ऑडी, स्कोडा वगैरे धरून फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे १ कोटी ९ लाख ७० हजार गाड्यांपैकी ४२ लाख ३० हजार चीनमध्ये गेल्या, म्हणजे जवळपास ३९ टक्के. २०२४ मध्ये एकूण विक्री ९० लाख ३० हजारांवर आली आणि चीनचा आकडा २९ लाख ३० हजारांवर. वाटा ३२ टक्के. एकूण घटीतला दोन-तृतीयांश भाग एकट्या चीनचा. तिथले तरुण विजेवरची, मोठ्या पडद्याची, बोललेले ऐकणारी गाडी मागू लागले होते आणि ती बीवायडीसारख्या देशी कंपन्यांनी आधी दिली. युरोपचा वाटा वाढलेला दिसतो तो काही अंशी यामुळेच, म्हणून नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये.

भारतात बाजारहिस्सा लहानच राहिला. चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, पण तो निर्यातीसाठीही राबतो. इथे बनलेली व्हेंटो मेक्सिकोत विकली जाई. जगातली शेवटची जुनी बीटल २००३ मध्ये त्याच देशातल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली होती.