पेटीमास्तरांचा तबेला : पार्श्वभूमी

मास्तर गेले तेव्हा सगळ्यांनी एकच लिहिलं: पेशा संगीतशिक्षकाचा, छंद घोड्यांचा. अलिबागच्या किनाऱ्यावर त्यांच्याकडे पेटी शिकलेल्या आमच्यासारख्यांना हे पटत नाही. बरीच वर्षं त्या घरातली चूल घोडीने पेटती ठेवली. शिकवणीची फी देता आली तर देत, नाहीतर नारळ.

या पट्ट्याला घोडा नवा नाही. पंधराव्या शतकात एक रशियन व्यापारी विकण्यासाठी घोडा घेऊन चौलला उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. पण ते घोडे घाटावरच्या फौजांसाठी. कोकणच्या दमट हवेत, पावसाळ्यात खूर कुजू न देता घोडं सांभाळणं हे टांगेवाल्यांनी शिकलेलं काम. मास्तर अशाच घरात वाढले. घोड्याचं अंग घासायचा खरारा आधी हातात आला, पेटी नंतर.

ते टांग्याकडे परत का वळले, हे समजायला १९४० सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी १ मार्चपासून सरकारी रेडिओवर पेटी बंद झाली. आक्षेप तीन होते. वाद्य परदेशी. त्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही. आणि तिसरा सर्वांत वजनदार, सुरांचा. षड्जाशी (सा) ५:४ या प्रमाणात लागणारा शुद्ध गंधार (ग) आणि पेटीचा गंधार यांत सुमारे १४ सेंटचा फरक पडतो, पेटीचा चढा. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं, तर हा फरक तयार कानाला खुपतोच. मास्तर स्वतः आम्हाला यमन शिकवताना पेटी मिटून ठेवायला लावत आणि गंधार तानपुऱ्यात ऐकायला सांगत. म्हणजे आक्षेप खोटा नव्हता.

चूक झाली ती उपायात. वाद्याची मर्यादा ओळखून वाजवणारे साथीदारही त्याच दारात अडले. साथीची बंदी उठायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं! एका माणसाची सगळी उमेदीची वर्षं त्यात बसतात. मास्तर तरुणपणी मुंबईत साथीला बसत. बैठका मिळत, पण साथीदाराचं नाव ज्या रेडिओमुळे गावोगाव पोचायचं, तिथे त्यांच्या वाद्याला जागाच नव्हती. ते परत आले आणि वडिलांच्या टांग्यावर बसले. त्याच काळात कोकणात डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्यातले, बुवा पेटीशिवाय उभे राहत नव्हते, दशावतारात पायपेटी वाजत होती. इथे कुणी श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या बारीक फरकांचा, हिशेब मागितला नाही. म्हणून त्यांच्याकडे शिकायला येणारी पोरं बहुतेक भजनी मंडळांतली होती. या बंदीबद्दल आज दोन्ही बाजूंनी बोललं जातं. मला मात्र त्यात आधी मास्तरांची ती वर्षं दिसतात.

रेडिओवर पेटीची जागा सारंगी आणि व्हायोलिनने घेतली, आणि त्यांच्या गजाला केस लागतात ते घोड्याच्या शेपटीचे. मुंबईचे एक सारंगिये मास्तरांकडून असे केस नेत. नराचे पांढरे केस निवडून, धुऊन, जुडी बांधून मास्तर देत. पैसे घेत नसत.

वर्गाची वेळ घोडी ठरवायची. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात गाडी जाते ती सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी चाकाच्या आऱ्यांपर्यंत उतरल्यावर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला भरती तीनला, तेव्हा गाडी बंद, म्हणून वर्ग दुपारी तीनला. अष्टमीला संध्याकाळी सहाला. आम्ही शाळेचं वेळापत्रक चुकवत असू, तिथी नाही.

‘चाल’ हा त्यांचा आवडता शब्द. गाण्याची तीही चाल, घोड्याची तीही. दुडकीत पाय कर्णरेषेत जोडीजोडीने पडतात, दोन ठोके. साध्या चालीत चार ठोके सुटे ऐकू येतात. लय चुकणाऱ्या मुलाला ते गाडीत शेजारी बसवून किल्ल्यापर्यंत नेत आणि ठोके मोजायला लावत. मी तसाच शिकलो.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात तबेल्याची कौलं उडाली. घोडी त्याआधीच गेली होती. पेटी भिजली. खाऱ्या हवेने सुरांच्या पितळी पट्ट्या आधीच हिरव्या पडल्या होत्या, भात्याचं कातडं त्या पावसात सुटलं. मंडळातल्या मुलांनी ती दुरुस्त करून आणली. त्यावर वर्ग आता रोज संध्याकाळी सातला भरतो, तिथी कुठलीही असो.