पूर्णांक बरोबर बूल?

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत 'मीटर' नावाचा नवा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, करायला एक ओळ पुरते. आत असतो साधा पूर्णांक, वर 'न्यूटाइप'चं वेष्टन. लांबीच्या जागी कुणी चुकून वय टाकलं, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात उतरतच नाही. आणि प्रोग्राम चालायला लागला की हे वेष्टन गळून पडतं, मेमरीत नुसता पूर्णांक उरतो. सुरक्षितता मिळते आणि त्यासाठी वेळ किंवा मेमरी काहीच खर्चावी लागत नाही. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, म्हणूनच तिच्यात सापडलेल्या फटीची गोष्ट सांगावीशी वाटते.

हे रूपांतर करणारा हास्केलचा मुख्य कंपायलर म्हणजे ग्लासगो हास्केल कंपायलर, जीएचसी. मूळ भाषेत नसलेल्या सोयी तो 'एक्स्टेन्शन' म्हणून देतो. अशी शंभराहून अधिक एक्स्टेन्शनं आज आहेत. फाइलच्या डोक्यावर नाव लिहिलं की सोय सुरू.

त्यातल्या दोन इथे पाहू. पहिलीमुळे पूर्णांकासाठी लिहिलेलं फंक्शन मीटरलाही जसंच्या तसं लागू करता येतं. आतला ऐवज एकच असल्यामुळे ते पुन्हा कशाला लिहायचं? दुसरी सोय टाइप फॅमिलीची. हे टाइपवरून टाइप काढणारं फंक्शन. समजा त्याचं नाव 'फ'. पूर्णांक दिला तर फ बूल देतो, म्हणजे खरं-खोटं. मीटर दिला तर पूर्णांक देतो. यातही गैर काही नाही.

आता दोन्ही एकत्र करा. 'पूर्णांक घे, फ(पूर्णांक) दे' असं फंक्शन लिहिलं. ते बूल परत करतं. पहिल्या सोयीने तेच मीटरला लावलं. मीटरसाठी फ पूर्णांक देतो, त्यामुळे कंपायलर समजतो की पूर्णांक मिळाला. मेमरीत मात्र बूल आहे. त्यात एक मिळवायला गेलं की प्रोग्राम कोसळू शकतो, तोही टाइप तपासणीत पास झालेला प्रोग्राम!

ही चूक 2007 साली जीएचसीच्या दोषनोंदीत 1496 क्रमांकाने नोंदली गेली. ती वरवरची असती तर लवकर मिटली असती. जीएचसी प्रत्येक प्रोग्राम आधी 'कोअर' या छोट्या, काटेकोर टाइप असलेल्या भाषेत उतरवतो. कोअर लिंट नावाची तपासणी तिथे प्रत्येक टप्प्यावर पुन्हा टाइप जुळवून पाहू शकते. पण या वेळी दोष कोअरच्याच नियमांत होता. मीटर बरोबर पूर्णांक, म्हणून फ(मीटर) बरोबर फ(पूर्णांक), म्हणून पूर्णांक बरोबर बूल. पायरीपायरीने नियमात बसणारं, आणि शेवटी धडधडीत खोटं. तपासनीस तरी काय करणार?

उत्तर निघालं ते 'बरोबर' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केल्यावर. एक नावाने बरोबर, दुसरा मेमरीतल्या रूपाने बरोबर. मीटर आणि पूर्णांक रूपाने एक, नावाने वेगळे. फ मात्र नाव पाहून निर्णय घेतो, म्हणून रूपाची समानता त्याच्या आत नेता येत नाही. कुठला टाइप आपल्या घटकाकडे कसा पाहतो, याला 'रोल' म्हणतात. 2014 मध्ये जीएचसी 7.8 सोबत रोल आले आणि ती साखळी तुटली.

त्याच आवृत्तीत 'कोअर्स' नावाचं फंक्शनही आलं. मीटरची लाखभर नोंदींची यादी पूर्णांकांची यादी म्हणून ते एका फटक्यात देतं, एकही नोंद न हलवता.

पण सेट घ्या, म्हणजे एकच नोंद दोनदा नसलेला संग्रह. तो क्रमाने लावलेलं झाड असतो. मुळाशी 4, डावीकडे 1 ते 3, उजवीकडे 5 ते 7. 'डाउन' हा न्यूटाइप संख्यांचा क्रम उलटा करतो. हा सेट कोअर्सने डाउनचा केला, तर झाड तेच राहील आणि शोध उलट्या दिशेने जाईल. 7 शोधताना 4 वरून डावीकडे वळायचं आणि '7 नाही' असं उत्तर द्यायचं! इथे मेमरी बिघडत नाही, उत्तर चुकतं. कंपायलर फक्त झाडाची रचना पाहतो, त्यामुळे आपणहून तो हे अडवत नाही. लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, लिहिणाऱ्यालाच 'नाव पाहा' असा रोल नोंदवावा लागतो. मला हा आपोआपचा नियम उलटा असायला हवा होता असं वाटतं, कारण विसरलेली एक ओळ वापरणाऱ्याच्या माथी येते. हास्केलच्या प्रचलित सेट लायब्ररीत ती ओळ आहे, म्हणून तिथे कोअर्स लावला की कंपायलर जागीच थांबवतो.