महिला भारोत्तोलन

भारोत्तोलन, म्हणजे बोलीभाषेतले वेटलिफ्टिंग, या क्रीडाप्रकाराचा महिलांसाठीचा स्वतंत्र विभाग. स्पर्धकांची विभागणी शरीराच्या वजनानुसार केली जाते आणि प्रत्येकीला दोन प्रकारांत वजन उचलावे लागते. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात सरळ डोक्यावर न्यायचा असतो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घेऊन, तेथून पायांच्या झटक्याने वर ढकलायचा असतो. दोन्ही प्रकारांत प्रत्येकी तीन संधी मिळतात आणि त्यांतील सर्वोत्तम वजनांच्या बेरजेवर क्रमांक ठरतो. एका प्रकारातील तिन्ही संधी वाया गेल्या, तर बेरीजच धरली जात नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू क्लीन अँड जर्कच्या तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरली आणि तिचे नाव निकालपत्रकात क्रमांकाविना राहिले.

महिलांचा बार १५ किलोचा व २५ मिलिमीटर जाडीचा असतो, तर पुरुषांचा २० किलोचा व २८ मिलिमीटर जाडीचा. तीन मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटला, तरी पकडीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. भारोत्तोलक अंगठा बारभोवती घालून त्यावर तर्जनी व मध्यमा आवळतात. या ‘हुक ग्रिप’मुळे जोराच्या खेचीतही बार बोटांतून निसटत नाही. लहान पंजाच्या खेळाडूला जाड बारवर ही पकड नीट बसत नाही. सुरुवातीचे काही महिने अंगठा इतका दुखतो की त्यावर चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय सराव होत नाही.

महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८७ साली अमेरिकेत डेटोना बीच येथे झाली, ऑलिंपिक प्रवेशाला मात्र २००० चे सिडनी उजाडावे लागले. त्या वर्षी ४८ किलो गटात बल्गेरियाच्या इझाबेला द्रागनेवाने जिंकलेले सुवर्णपदक तिच्या चाचणीत फ्युरोसेमाइड आढळल्याने काढून घेण्यात आले व ते अमेरिकेच्या तारा नॉटला मिळाले. फ्युरोसेमाइड हे ताकद वाढवणारे औषध नव्हे. ते लघवीवाटे शरीरातील पाणी बाहेर टाकते, त्यामुळे वजन झपाट्याने उतरते. शिवाय इतर निषिद्ध द्रव्ये लपवण्यासाठीही त्याचा वापर होऊ शकतो.

बारवरच्या वजनाइतकेच काट्यावरचे वजनही या खेळात निर्णायक असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते बहुधा दिसत नाही. वजनतपासणी स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होऊन तासाभरात संपते. त्यामुळे आपल्या वजनी गटात बसण्यासाठी घाम गाळून, पाणी तोडून जे वजन उतरवले, ते भरून काढायला खेळाडूच्या हाती जेमतेम एक-दोन तास उरतात, आणि अशा कोरड्या पडलेल्या शरीराने तिला स्वतःच्या दुपटीहून अधिक भार पेलायचा असतो. महिलांच्या बाबतीत यात मासिक पाळीची भर पडते. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या शरीरात पाणी साठते व काटा पुढे सरकतो, स्पर्धेची तारीख मात्र कोणाच्या चक्रानुसार ठरत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १९९ किलो उचलून अवघ्या एका किलोने कांस्यपदक हुकल्यावर, आपल्या पाळीचा तिसरा दिवस असल्याने अशक्तपणा जाणवत होता, असे मीराबाईने जाहीरपणे सांगितले. आपल्याकडे हा विषय दबक्या आवाजात बोलला जात असल्यामुळे या सांगण्याला विशेष महत्त्व आहे.

वर्षानुवर्षे वजन दाबून ठेवण्याचे परिणाम अधिक गंभीर असतात. व्यायामाच्या मानाने आहार सतत अपुरा पडला, तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडांची घनता घटते, दुखापती लवकर भरून येत नाहीत. पाळी बंद होणे हे कसून मेहनत केल्याचे लक्षण मानण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी आढळते, ती चुकीची व घातक आहे. याउलट, भार उचलल्याने गर्भाशयाला इजा होते या जुन्या समजुतीला आधार नाही. योग्य तंत्राने केलेल्या सरावाने हाडे बळकटच होतात.

भारतात मणिपूरच्या कुंजराणी देवीने १९८९ साली मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवून वाट पाडली. आंध्र प्रदेशच्या कर्णम मल्लेश्वरीने १९९४ व १९९५ साली ५४ किलो गटात जगज्जेतेपद पटकावले. पुढे ती वरच्या गटांत गेली आणि सिडनीत ६९ किलो गटात २४० किलोंसह कांस्य मिळवून ऑलिंपिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. सुवर्ण व रौप्य जिंकणाऱ्या दोघींची बेरीज २४२.५ किलो अशी सारखीच होती, व शरीराचे वजन कमी असलेल्या चीनच्या लिन वेइनिंगला सुवर्ण मिळाले. मल्लेश्वरीने क्लीन अँड जर्कच्या शेवटच्या संधीत थेट १३७.५ किलो मागितले. ते पेलले असते तर सुवर्ण तिचे होते. बरोबरी झाल्यास हलक्या खेळाडूला झुकते माप देण्याचा नियम नंतर बदलला असून, आता ती बेरीज आधी गाठणारी वर राहते. टोकिओत २०२१ साली मीराबाईने ४९ किलो गटात २०२ किलोंसह रौप्यपदक जिंकले.

महाराष्ट्रात हा खेळ प्रामुख्याने लहान गावांतील व्यायामशाळांनी जोपासला आहे. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ग्रीसमधील हेराक्लिओन येथे ४५ किलो गटात स्नॅचमध्ये ७० व क्लीन अँड जर्कमध्ये ८३ असे १५३ किलो उचलले आणि कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. नाशिक जिल्ह्यातील मनमाड हेही मुलींच्या भारोत्तोलनाचे जुने केंद्र आहे.

पोशाखाच्या नियमात २०११ साली बदल होऊन हात-पाय झाकणाऱ्या तंग पोशाखाला परवानगी मिळाली. वजनी गटही वेळोवेळी बदलतात. जून २०२५ मध्ये महिलांचा सर्वांत हलका गट ४८ किलोचा करण्यात आला, पण २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी तो ५३ किलोचा ठेवण्यात आला आहे. त्यामुळे आजवर वजन उतरवत आलेल्या हलक्या गटांतील खेळाडूंना तेथे टिकायचे, तर चार-पाच किलो अंगावर चढवावे लागतील.